जामखेडच्या पोरांनो, झाडतोडीचं काम शिकायचंय?

आपल्या भागात तोडीचं काम म्हणजे बांधावरची बाभूळ, लिंब. बाभळीचं लाकूड चिवट, पूर्वी बैलगाडीची चाकं त्याचीच होत. पण यांत्रिक करवत हातात घेण्याआधी कायदा समजून घ्या. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत चिंच, आंबा, जांभूळ, साग, चंदन अशी झाडं आहेत. स्वतःच्या रानातलं असलं तरी असं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही.

पहिले काही महिने जाणत्या तोडणाऱ्याच्या हाताखाली फांद्या छाटा, ओंडके ओढा, साखळीला धार लावा. झाडाचा झुकाव कुठं, वारा कुठला, वर वाळकी फांदी अडकलीय का, हे बघायची नजर तिथंच तयार होते.

मग तोड. पडायच्या बाजूला खाच, खोडाच्या जाडीचा साधारण पाचवा हिस्सा. मागचा काप खाचेच्या थोडा वर. मधे लाकडाची अखंड पट्टी ठेवायचीच. ती बिजागरीसारखी झाडाला वळण देते. ती कापली गेली तर झाड कुठंही जाईल! पळायची वाट आधीच मोकळी करा, मागं तिरकी. झाडाच्या दुप्पट उंचीच्या अंतरात दुसरं कुणी नको. हेल्मेट, डोळ्यांना जाळी, जाड बूट हवेतच. करवतीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका, ती उसळून थेट तोंडावर येते.