पत्ता यंत्राचा, अटक माणसाला

रायपूर : ऑगस्ट २००७ अखेर पुणे पोलिसांनी बंगळुरूहून एका तरुण संगणक अभियंत्याला पकडून आणले. 'ऑर्कुट'वर शिवछत्रपतींची बदनामी केल्याचा आरोप होता आणि मुख्य आधार एका आयपी पत्त्याचा. सेवा कंपनीने त्या पत्त्यापुढे दिलेले नावच चुकीचे होते. हे उमगेपर्यंत त्याचे ५० दिवस तुरुंगात गेले.

टॉरेंटसारख्या परस्पर देवाणघेवाणीच्या जाळ्यांबाबत हे प्रकरण विसरून चालणार नाही. तेथे चित्रपट उतरवून घेणारा संगणक त्याच वेळी त्याचे तुकडे इतरांना पुरवीत असतो. म्हणजे घेणारा तोच वाटणाराही. निनावी असल्याचा त्याचा समज भाबडाच, कारण त्याचा आयपी पत्ता सहभागींना दिसतो. मात्र तो पत्ता जोडणीचा असतो, व्यक्तीचा नव्हे. तात्यापाऱ्यातील एखाद्या घरात जोडणी मालकाच्या नावे आणि वापर भाडेकरूंचा, हे रायपूरकरांना नवे नाही. शिवाय कंपन्या एकच पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांत वाटतात. नेमकी वेळ व पोर्ट क्रमांक जुळला नाही, तर भलत्याच घराची कडी वाजते.

अमेरिकेत डिसेंबर २००३ मध्ये अपील न्यायालयाने संगीत कंपन्यांना रोखले. दावा न लावता, न्यायालयीन लिपिकाकडून काढलेल्या आदेशावर अशा ग्राहकांची नावे मिळणार नाहीत, असा तो निर्णय. आपल्याकडे पूर्वीच्या फौजदारी संहितेचे कलम ९१ आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ यांनुसार ठाणे अंमलदाराचा लेखी आदेशही माहिती मागण्यास चालतो.

संसदेला हा प्रश्न हाताळण्याची संधी दोनदा आली. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने मध्यस्थ कंपन्यांना संरक्षण दिले. २०२३ च्या चलच्चित्र दुरुस्तीने चोरट्या प्रतींवरील शिक्षा कठोर केली. निर्मात्यांचे गाऱ्हाणे खरे होते, यात शंका नाही. परंतु पत्त्यावरून माणूस ठरवण्याची कसोटी दोन्हीकडे नाही. दरम्यान २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक नको, हा २०१४ चा 'अर्नेश कुमार' निकाल तेवढा आडवा येतो.

उद्या परराज्यातील पथक रायपुरात आले, तर ट्रान्झिट रिमांडसाठी स्थानिक दंडाधिकाऱ्यांपुढे संशयिताचे नाव येईल. ते नाव कोणत्या वेळेच्या, कोणत्या पोर्टच्या नोंदीवरून निघाले, हे तेथेच विचारले जाणार की ५० दिवसांनी?