दहापैकी किती?

"मामा, लिनक्सपुढं किती टाकू?"

भाचा सकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं मिरजेहून बंगळूरुत यशवंतपूरला उतरला होता. आंघोळ झाली, पोहे झाले आणि तो लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. कुठल्याशा कंपनीचा अर्ज होता. पायथन, एसक्यूएल, लिनक्स अशी यादी, आणि प्रत्येकापुढं एक ते दहा आकड्यांची खिडकी. पायथनला त्यानं न थबकता सात दिले होते. लिनक्सपाशी बोट अडलं.

"तुला काय वाटतं?"

"क्लासमध्ये शंभर कमांडा करून घेतल्या. त्यातल्या ऐंशी तरी पाठ आहेत. म्हणजे आठ?"

मी हसलो. त्याला ते लागलं असावं, कारण पुढचा प्रश्न सरळ माझ्यावर आला. "मग तू किती टाकशील?"

बावीस वर्षं लिनक्सचे सर्व्हर सांभाळून मी घर चालवतोय, तरी आकडा तोंडातून निघेना. नऊ म्हणावं तर गेल्याच महिन्यात एका साध्या क्रॉनच्या ओळीनं मला रात्रभर जागवलं होतं. पाच म्हणावं तर ती लाडिक नम्रता झाली.

आमच्या खिडकीतून बाजार समितीच्या यार्डाकडं जाणारा रस्ता दिसतो. महाराष्ट्रातून कांदा घेऊन आलेल्या एमएच पाटीच्या गाड्या तिथं उभ्या असतात. कांद्याचं एक बरं असतं. मोठा एका ढिगात, मध्यम दुसऱ्यात, गोल्टी तिसऱ्यात. निवडणाऱ्याचा हात काय ते ठरवतो. बाबा, तू स्वतःला कितवा समजतोस, असं कांद्याला कुणी विचारत नाही.

माझ्या कॉलेजच्या दिवसांत हा प्रश्न सोपा होता. लिनक्स घरी यायचं ते मासिकाबरोबर. ‘पीसीक्वेस्ट’नं १९९६ साली अंकासोबत लिनक्सची सीडी दिली, पुढंही देत राहिलं, आणि जिथं इंटरनेट मिनिटाच्या हिशेबानं विकत घ्यावं लागे अशा गावांतही लिनक्स पोचलं. त्यामागं अतुल चिटणीस होते. बर्लिनमध्ये जन्मलेला, बंगळूरुत स्थायिक झालेला हा माणूस. २००१ मध्ये सुरू झालेली ‘लिनक्स बंगलोर’ परिषद आणि तिचंच पुढचं रूप असलेली ‘फॉस डॉट इन’ यांचेही ते सूत्रधार. २०१३ साली ते गेले. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचं पोट त्या सीडीवर उभं आहे.

ती सीडी लावली की आपली पातळी तासाभरात कळायची. मॉनिटरच्या आडव्या-उभ्या फ्रिक्वेन्सीचे आकडे हातानं भरावे लागत. चुकीचे भरले तर मॉनिटर खराब होईल अशी ताकीद असे, आणि पोरं श्वास रोखून एंटर दाबत. पडद्यावर चित्र आलं तर तुम्ही पास. मोडेम चालला तर पहिल्या वर्गात पास, कारण दुकानदार जो स्वस्तातला ‘विनमोडेम’ गळ्यात मारी, त्याचं बरंचसं काम विंडोजच करायचं. लिनक्सवर तो नुसता खोका. आता पेन ड्राइव्ह लावला, चार वेळा ‘पुढं’ म्हटलं की सगळं चालू. चांगलंच झालं ते. पण परीक्षा घेणारा दगडच वाटेतून निघून गेला.

"आकडा राहू दे," मी म्हटलं. "त्या जुन्या थिंकपॅडवर डेबियन आहे. मी काहीतरी बिघडवतो, तू दुरुस्त कर."

पहिला बिघाड माझ्या आवडीचा. एक छोटी स्क्रिप्ट लॉगच्या फाइलीत सारखी ओळी ओतत होती. ती चालू असतानाच मी ती लॉग-फाइल पुसून टाकली आणि लॅपटॉप त्याच्या हातात दिला. डिस्क चाळीस जीबीची. ‘डीएफ’ म्हणतं, शंभर टक्के भरली. ‘डीयू’नं सगळ्या फाइलींची बेरीज केली तर जेमतेम अकरा. उरलेली जागा गेली कुठं?

मी मागं खुर्ची टाकून त्याचे हात बघत बसलो. पहिली दहा मिनिटं हातच बोलत होते. ‘डीयू’ पुन्हा, मग सुडो लावून पुन्हा. पॅकेजांचा साठा पुसला. काही कारण नसताना डाउनलोड्स रिकामं केलं. दर वेळी एरर आली की अर्ध्या सेकंदात पुढची कमांड; आलेली ओळ डोळ्यांखालून गेली असेल, डोक्यापर्यंत पोचली नव्हती. ऐंशी कमांडा पाठ असण्याचा हा तोटा. हाताला काम असतं, म्हणून डोक्याला कुणी बोलवत नाही.

"रीबूट करू?"

"नाही." रीबूटनं दुखणं गेलं असतं, पण दुखत काय होतं ते कळलं नसतं.

मग तो थांबला. खरंच थांबला; हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. दोन्ही आकडे कागदावर लिहिले आणि स्वतःशीच पुटपुटला, "दोघं वेगवेगळं मोजतात की काय?"

त्याला मी मार्क दिले ते इथं. पुढचं सगळं या वाक्यातून आपोआप निघतं. ‘डीयू’ फाइलींची नावं धरत धरत फिरतं आणि बेरीज करतं. ‘डीएफ’ थेट फाइलसिस्टिमला विचारतं, तुझ्याकडं मोकळं किती. आणि लिनक्समध्ये फाइल पुसणं म्हणजे फक्त यादीतलं नाव काढणं. वाड्याच्या पाटीवरून भाडेकरूचं नाव पुसलं तरी बिऱ्हाड खोलीतच असतं, तसं. एखाद्या प्रोसेसनं ती फाइल उघडी धरून ठेवली असेल तर तिनं हात सोडेपर्यंत कर्नल जागा मोकळी करत नाही. हे त्याला मी सांगितलं नाही. त्यानं ‘एलएसओएफ’चं मॅन पेज उघडलं आणि वीस मिनिटं वाचलं. नाव गेलेल्या पण उघड्या असलेल्या फाइली दाखवण्याची सोय त्यात सापडली, स्क्रिप्ट सापडली, ती बंद केली, जागा मोकळी.

"पण मामा, डिस्क शंभर टक्के भरलेली असताना रूटला लिहिता कसं येत होतं?"

हा प्रश्न मी पेरलेलाच नव्हता. एक्स्टफोर ही फाइलसिस्टिम मुळात पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, पिठाच्या डब्यात आईनं ठेवलेल्या नोटांसारखी. आपल्याला जे विचारलेलं नाही ते ज्याला दिसतं, त्याला किती द्यायचे? अर्जाच्या खिडकीत त्याचा रकाना नव्हता.

दुसरा बिघाड करायची मला गरजच पडली नाही. नवीन पार्टिशन जोडायला सांगितलं तर त्यानं ‘एफएसटॅब’मध्ये ओळख-क्रमांकाचं एक अक्षर चुकवलं आणि मशीन बंद करून चालू केलं. मशीन दीड मिनिट त्या नसलेल्या डिस्कची वाट बघत राहिलं आणि शेवटी इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसलं. यात मात्र पोरगं घाबरलं नाही. रूटचा पासवर्ड दिला, फाइल उघडली, अक्षर सुधारलं, पुन्हा चालू. क्लासनं हे चांगलं घोटून घेतलेलं. रेड हॅटच्या सुरुवातीच्या प्रमाणपत्राची परीक्षा अशीच प्रत्यक्ष मशीनवर असते. तीनशेपैकी दोनशे दहाला पास, मॅन पेजेस उघडायला मुभा, आणि रीबूटनंतर जे टिकेल तेवढंच धरायचं. परीक्षांमध्ये मला ही बरी वाटते. मुलाखतीत ‘सीएचमॉडचीच चालवण्याची परवानगी काढून घेतली तर काय कराल’ असलं कोडं घालणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत चांगलं नाही. बावीस वर्षांत ती वेळ माझ्यावर एकदाही आलेली नाही.

संध्याकाळी भारतीय विज्ञान संस्थेच्या बाजूनं फिरायला गेलो. लिनक्स बंगलोरची परिषद काही वर्षं तिथल्याच जे. एन. टाटा सभागृहात भरे. त्याच आवारात ‘परम प्रवेग’ हा महासंगणक आहे, २०२२ मध्ये सुरू झालेला, ३.३ पेटाफ्लॉप क्षमतेचा. बनवला तो सी-डॅकनं. मुख्यालय पुण्यात आणि पहिला ‘परम’ १९९१ चा, विजय भटकरांच्या काळातला. प्रवेग लिनक्सवरच चालतो, आणि त्यात विशेष काही नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांत लिनक्सखेरीज दुसरं काही उरलेलंच नाही.

"तिथं काम करणारे म्हणजे दहापैकी दहा ना?" भाच्यानं विचारलं.

तिथंच तर गोची आहे. प्रथिनांच्या घड्या मोजणारी एखादी संशोधक त्यावर लॉगिन करते, फाइल चढवते, काम रांगेत लावते, रांगेत आपला नंबर कुठं आहे ते बघते. पाच-सहा कमांडा झाल्या. तिला ‘एफएसटॅब’ म्हणजे काय ते माहीत नसेल, असायची गरजही नाही. मग ती तीन? आणि मी, ज्यानं त्यावर एकही काम कधी चालवलं नाही, तो आठ? यार्डातला हमाल ज्या अँड्रॉइड फोनवर गाणी ऐकतो, त्याच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल असतो. एकाच पट्टीवर या तिघांना उभं करायचं तर पट्टीनं नेमकं काय मोजायचं?

"तू विषय वाढवतोस," भाचा म्हणाला. "अर्जात एकच खिडकी आहे."

घरी आल्यावर त्यानं डाव उलटवला. "आता मी बिघडवतो."

पाच मिनिटांत लॅपटॉप माझ्यापुढं. एक साइट उघडत नव्हती, बाकी सगळ्या उघडत होत्या. दीड मिनिटात मी ‘होस्ट्स’ फाइल उघडली. त्या साइटचं नाव त्यानं स्वतःच्याच मशीनच्या पत्त्याला बांधून ठेवलं होतं. मी त्याच्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती आठवली की आजही कान गरम होतात. ओळ काढायला गेलो. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड.’

सुडो लावलं. तेच. परवानग्या बघितल्या, फाइल रूटची, रूटला लिहायची मुभा. मी रूट. सुडोतच काही गडबड असेल म्हणून रूटचं शेल उघडलं आणि मी कोण आहे हे मशीनला विचारून घेतलं. रूटच. मग मी जे केलं ते लिहायला नको वाटतं. सातशे सत्त्याहत्तर. सगळ्यांना सगळं खुलं करायची ती कमांड, जी कुणी मारली तर मी ऑफिसात दिवसभर ऐकवतो. तीही चालली नाही. मालक बदलायला गेलो, नाही. फाइल पुसायला गेलो, नाही. डिस्कच फक्त वाचण्यापुरती जोडलीय का बघितलं. शेजारी नवी फाइल खुशाल तयार होत होती. मग अ‍ॅपआर्मरवर संशय. पस्तीस मिनिटं गेली. मागं खुर्ची टाकून भाचा माझे हात बघत होता.

"मामा, एरर मोठ्यानं वाच."

"परवानगी नाही म्हणतंय."

"असं नाही. आहे तशी वाच."

वाचली. ‘परमिशन डिनाइड’ नव्हतं ते. ते आलं असतं तर अर्थ असा, की तुला अधिकार कमी पडतोय. हे म्हणत होतं, ही कृतीच चालणार नाही. पस्तीस मिनिटं मी दुसरं वाक्य बघून पहिलं वाचत होतो, कारण रूटला कुणी अडवू शकत नाही ही समजूत डोक्यात इतकी जुनी की समोरची अक्षरं तिला हलवू शकली नाहीत. त्यानं ‘सीएचअ‍ॅटर’नं फाइलीवर अचल असल्याची खूण मारून ठेवली होती. ‘एलएस’ला ती दिसत नाही, ‘एलएसअ‍ॅटर’ला दिसते, एवढंसं एक ‘आय’ अक्षर. खूण काढली, ओळ काढली, साइट उघडली.

"हे तुला कुठं भेटलं?"

"क्लासच्या यादीत. त्र्याऐंशी नंबर."

जेवताना त्यानं अर्ज पुरा केला. लिनक्सपुढं सहा टाकले.

"सहाच?"

"आठ टाकले की कोडी घालतात. सहाला निदान विचारतात, काय काय केलंस. मग मी डीएफ-डीयूचं सांगीन."

रात्री त्याला स्टेशनवर सोडून आलो. माझ्या बायोडेटात २०११ पासून लिनक्सपुढं ‘एक्स्पर्ट’ लिहिलेलं आहे. तो शब्द बदलावा म्हणून फाइल शोधायला थिंकपॅड उघडला, तोवर फोन वाजला. गाडी सुटली होती.

"मामा, अजून एक ठेवलंय. काय ते सांगणार नाही."

लॅपटॉपवर वरवर सगळं ठीक दिसत होतं. फक्त घड्याळात सव्वाअकरा वाजलेले असताना मशीनमध्ये पावणेसहा दाखवत होतं. बोटं कीबोर्डवर गेली होती. ती उचलली आणि आधी चहा टाकला.