मनोरुग्णाच्या केसपेपरवर कंबरेचा घेर

स्किझोफ्रेनियाची चर्चा भास, संशय आणि आत्महत्येची धास्ती यांच्यापुढे सहसा जात नाही. प्रत्यक्षात या रुग्णांचं आयुर्मान इतरांपेक्षा सरासरी १५ वर्षांच्या आसपास कमी भरतं आणि त्यांच्या मृत्यूच्या कारणांत हृदयविकार आघाडीवर असतो. कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले, ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल मात्र घटलेलं; या पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या की डॉक्टर त्याला ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणतात. स्किझोफ्रेनियाच्या दर तीन रुग्णांमागे साधारण एकाला तो असतो. तरीही घरी आणि दवाखान्यातही ‘गोळ्यांनी फुगलाय, चालायचंच’ असं म्हणून वाढत्या पोटाकडे काणाडोळा होतो. ही सबब आता पुरे. वजन आणि साखर सांभाळणं हा मनोविकाराच्या उपचाराचाच भाग आहे आणि त्याची सुरुवात पहिल्या गोळीबरोबरच व्हायला हवी.

गोळ्यांचा यात हात आहेच. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही औषधं मेंदूतल्या डोपामिनच्या कामाला आवर घालतात आणि भास ओसरू लागतात. पण त्याच वेळी ती हिस्टामिन आणि सेरोटोनिनचे काही रिसेप्टरही अडवतात. भूक आणि तृप्ती यांचा ताळमेळ राखणाऱ्या हायपोथॅलॅमसमध्ये हे रिसेप्टर असतात. त्यामुळे पोटभर जेवून उठलेल्या माणसालाही थोड्या वेळात पुन्हा खा-खा सुटते. अमेरिकेतल्या १,४९३ रुग्णांवरच्या ‘केटी’ चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. त्यात ओलान्झापिन घेणाऱ्यांचं वजन महिन्याला सुमारे एक किलोने वाढत होतं आणि त्यांच्यातल्या ३० टक्क्यांचं वजन मूळच्या सात टक्के किंवा त्याहून जास्त वाढलं. साठ किलोच्या माणसासाठी ही वाढ चार किलोंहून अधिक होते.

मग गोळ्याच बंद का करू नयेत? हा प्रश्न नातेवाईक विचारतात आणि तो स्वाभाविक आहे. पण दोष केवळ औषधाचा नाही. अशी कोणतीही औषधं नसताना, १८७९ मध्ये, ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉड्स्ले यांनी वेडाचा आजार असलेल्या घराण्यांत मधुमेह वारंवार दिसतो, अशी नोंद केली होती. एकही गोळी न घेतलेल्या नव्या रुग्णांतही साखरेचं गणित बिघडलेलं असल्याचं अलीकडच्या अभ्यासांत आढळलं आहे. फिनलंडमधल्या ६६ हजारांहून अधिक रुग्णांच्या १९९६ ते २००६ या काळातल्या नोंदी तर याहून बोलक्या आहेत. औषध अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा दीर्घकाळ घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी होतं आणि वजन वाढवण्यात पुढे असलेल्या क्लोझापिनवरच्या रुग्णांत ते सर्वांत कमी होतं. नियमित गोळ्या घेणारे मुळातच स्वतःला जास्त जपत असतील, हा या अभ्यासावरचा आक्षेप रास्त आहे. पण तो धरूनही गोळ्या सोडल्याने आयुष्य वाढतं, असा निष्कर्ष काही या आकड्यांतून निघत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: ‘रुग्णच आळशी, सांगून ऐकत नाही.’ उत्साह आटणं, काही करावंसं न वाटणं ही या आजाराचीच लक्षणं आहेत आणि त्यात गोळ्यांच्या गुंगीची भर पडते. नुसत्या उपदेशाने यातलं काहीच हटत नाही. आहार-व्यायामाच्या कार्यक्रमांचे निकालही संमिश्र आहेत. डेन्मार्क आणि ब्रिटनमधल्या चाचण्यांत उपयोग दिसला नाही. अमेरिकेत मेरीलँडमध्ये दीड वर्ष चाललेल्या चाचणीत मात्र दोन गटांत ३.२ किलोंचा फरक पडला. सिडनीत नुकतेच आजारी पडलेल्या तरुणांना सुरुवातीपासून आहारतज्ज्ञ आणि व्यायाम-मार्गदर्शक दिले, तेव्हा १२ आठवड्यांत त्यांचं वजन १.८ किलो वाढलं; नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांचं ७.८ किलो. गट लहान होता, तरी वाढलेलं वजन उतरवण्यापेक्षा ते वाढू न देणं सोपं, ही दिशा त्यातून दिसते. औषधाची साथही मिळू शकते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या चाचणीत १२८ रुग्णांपैकी मेटफॉर्मिन आणि आहार-व्यायाम दोन्ही मिळालेल्या गटाचं वजन सर्वाधिक उतरलं. असं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे तर वाट पाहणं आणखी धोक्याचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे भारतीय माणूस सडपातळ दिसत असतानाही आतून धोक्याच्या रेषेजवळ असू शकतो. म्हणूनच आपल्यासाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात. रुग्ण लठ्ठ ‘दिसेपर्यंत’ थांबलं, तर उशीर झालेला असतो.

ओपीडीतल्या गर्दीत हे सगळं कोण करणार, ही अडचण खरी आहे. पण काम काय आहे ते पाहा. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून जे सुचवलं, त्यात उपचार सुरू करताना वजन, कंबर, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल पाहणं, वजन ४, ८ आणि १२ आठवड्यांनी पुन्हा घेणं आणि तीन महिन्यांनी रक्त तपासणं येतं. कंबर मोजायला टेप लागते आणि हे काम परिचारिका करू शकते. अडतं ते जबाबदारीपाशी. मनोविकारतज्ज्ञाला ते फिजिशियनचं काम वाटतं आणि फिजिशियनला समोर फक्त ‘मानसिक’ रुग्ण दिसतो. ‘केटी’त दाखल झालेल्यांपैकी ज्यांना मधुमेह होता त्यांच्यातले ३० टक्के, आणि ज्यांच्या रक्तातल्या चरबीचं प्रमाण बिघडलेलं होतं त्यांच्यातले ८८ टक्के, त्यावर कोणतंही औषध घेत नव्हते. शिवाय वजन वाढतंय म्हणून गोळ्या सोडणारे रुग्ण कमी नाहीत आणि गोळ्या सुटल्या की आजार उलटतो. वजनाची तक्रार वेळीच ऐकली, गरज पडली तर औषध बदललं, तर रुग्णाचा गोळ्यांवरचा विश्वास टिकतो. त्यामुळे केसपेपरवर कंबरेच्या आकड्याची जागा भासांच्या नोंदीशेजारीच हवी आणि ती रिकामी दिसली, तर त्याबद्दल विचारण्याचा हक्क रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना आहे.