हातांच्या उपचाराची कसोटी

ग्रीक भाषेत ‘ऑस्टिऑन’ म्हणजे हाड आणि ‘पॅथॉस’ म्हणजे व्यथा. या दोन शब्दांपासून बनलेल्या ‘ऑस्टिओपॅथी’ या नावामुळे ही मोडलेली हाडे बसविण्याची विद्या असावी असा समज सहज होतो, आणि आपल्याकडील हाडवैद्याशी तिचे नाते जोडले जाते. वस्तुतः अस्थिभंग हा तिचा मुख्य विषय नव्हे. सांधे, स्नायू आणि पाठीचा कणा यांची हालचाल हातांनी तपासणे व दाब, ताण किंवा हलका झटका देऊन ती सुधारण्याचा प्रयत्न करणे, हे या उपचारपद्धतीचे स्वरूप होय.

तिचे प्रवर्तक अँड्रू टेलर स्टिल हे अमेरिकन वैद्य होते. 1864 मध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहाने त्यांच्या कुटुंबातील तीन मुले दगावली आणि तत्कालीन औषधांवरील त्यांचा विश्वास उडाला. 1874 मध्ये त्यांनी आपले विचार मांडले व 1892 मध्ये मिझुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे पहिले विद्यालय काढले. शरीराच्या रचनेत बिघाड झाला की रक्ताभिसरणास अडथळा येतो आणि त्यातूनच रोग उद्भवतात, असे ते मानीत. हा सिद्धांत पुढे टिकला नाही. पण पाठीच्या व सांध्यांच्या दुखण्यावर हातांनी उपचार करण्याची रीत टिकली.

पुढे या वृक्षाला दोन भिन्न फांद्या फुटल्या. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीचे पदवीधर औषधे व शस्त्रक्रिया यांसह सर्व प्रकारचा वैद्यकीय व्यवसाय करू लागले. ब्रिटनमध्ये मात्र तो हस्तोपचारापुरता वेगळा व्यवसाय राहिला आणि 1993 च्या कायद्याने त्याचे नियमन झाले. अक्षरे तीच, पण एका देशात पूर्ण डॉक्टर तर दुसऱ्या देशात केवळ हस्तोपचारक, असा हा प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये या विषयाच्या शिक्षणाचे मानदंड प्रसिद्ध केले. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या विद्यार्थ्यासाठी तिने 4,200 तासांचा अभ्यासक्रम सुचविला असून त्यांपैकी किमान 1,000 तास देखरेखीखाली रुग्णांवर काम करण्याचे आहेत.

दिल्ली परिसरात या विषयात संशोधनाची पदवी मिळवू इच्छिणाऱ्यास सर्वांत जवळचा प्रस्थापित मार्ग भौतिकोपचाराच्या विद्याशाखेतून जातो. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे नाव धारण करणाऱ्या मार्गावर एक जुनी पुनर्वसन संस्था आहे. ती 1975 मध्ये केंद्र सरकारने ताब्यात घेतली, 1976 मध्ये स्वायत्त केली आणि आज ती पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने ओळखली जाते. जामिया मिल्लिया इस्लामिया या केंद्रीय विद्यापीठातही भौतिकोपचार व पुनर्वसनशास्त्राचे केंद्र आहे. पदवीनंतर एम.पी.टी. ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि तिच्यानंतर पीएच.डी., अशा या पायऱ्या होत. सांधे चालविण्याचे व कण्यावरील उपचारांचे तंत्र अस्थी व स्नायू यांच्या शाखेत शिकविले जाते. ऑस्टिओपॅथीतील प्रश्नांवर संशोधनाला वाव मिळतो तो येथेच.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन वर्षे लागतात. त्यात किमान 12 श्रेयांकांचा पाठ्यक्रम, संशोधनाची नीतिमत्ता, मार्गदर्शक, बाह्य परीक्षक आणि मौखिक परीक्षा हे सर्व आले. परंतु त्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे : पदवी देणाऱ्यास ती देण्याचा अधिकार आहे काय? 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या 22 व्या कलमाने हा अधिकार कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांपुरताच मर्यादित केला. बनावट विद्यापीठांच्या ज्या याद्या आयोग वेळोवेळी प्रसिद्ध करतो, त्यांत दिल्लीतील पत्ते वारंवार आढळले आहेत. या कलमाचा भंग करणाऱ्यास त्या कायद्याने दंड ठेवला तो फार तर एक हजार रुपयांचा. विद्यार्थ्याचे मात्र शुल्क जाते, आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे जातात आणि हाती उरलेल्या कागदावर अध्यापनाची जागा मिळत नाही. म्हणून इमारत व जाहिरात पाहण्याआधी विद्यापीठाचा कायदा पाहणे श्रेयस्कर.

खरी कसोटी यानंतर सुरू होते. समजा, कंबरदुखीच्या शंभर रुग्णांवर हातांनी उपचार केले आणि सहा आठवड्यांनी त्यांपैकी सत्तरांना बरे वाटले. यावरून उपचार गुणकारी ठरतो काय? ठरत नाही. कंबरदुखी पुष्कळदा आपोआप ओसरते. शिवाय दुखणे अगदी असह्य झाले की मगच रुग्ण दवाखान्याची पायरी चढतो, त्यामुळे त्यानंतर थोडा उतार पडणे स्वाभाविकच असते. म्हणून तुलनेसाठी दुसरा गट हवा, आणि कोण कोणत्या गटात जाणार हे उपचारकाने नव्हे तर चिठ्ठीने ठरवावयास हवे.

औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते. हातांच्या स्पर्शाची अशी नक्कल करणे अवघड असते. उपचारकाला आपण खरा उपचार करीत आहोत की खोटा, हे ठाऊक असतेच. रुग्णापुरते तरी ते गुप्त राहावे म्हणून दुसऱ्या गटालाही तितकाच वेळ व तसाच स्पर्श द्यावा लागतो, पण परिणामकारक मानलेला दाब टाळावा लागतो. शेवटची मोजणी करणारा माणूस तिसरा असावा आणि रुग्ण कोणत्या गटातला हे त्याला माहीत नसावे. वेदनेची तीव्रता रुग्ण दहा सेंटिमीटरच्या रेषेवर खूण करून दाखवितो. सांध्याची हालचाल कोनमापकाने अंशांत मोजतात. आणि वाकणे, बसणे, ओझे उचलणे यांत किती अडथळा येतो ते प्रश्नावलीतून कळते.

रुग्ण हा प्रयोगाचे साधन नव्हे. नीतिमत्ता समितीची मान्यता आणि रुग्णाच्या भाषेत समजावून घेतलेली संमती यांवाचून चाचणी सुरू करता येत नाही. 2007 मध्ये दिल्लीतील राष्ट्रीय वैद्यकीय सांख्यिकी संस्थेत भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवही सुरू झाली. एप्रिल 2018 पासून तेथे पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वीच नोंद करावी लागते. त्यामागील हेतू उघड आहे : काय मोजणार हे आधी जाहीर केले की निकाल पाहून प्रश्न बदलता येत नाही.

अशा चाचण्यांनी काय दाखविले? 1999 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 178 रुग्णांची ऑस्टिओपॅथी व नेहमीचे उपचार अशा दोन गटांत विभागणी केली होती. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच गुण आला. मात्र पहिल्या गटास औषधे कमी लागली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासात 400 रुग्णांपैकी निम्म्यांना खरा व निम्म्यांना नकली उपचार मिळाला. खऱ्या उपचाराचा लाभ आढळला, पण तो इतका अल्प होता की रुग्णाच्या दैनंदिन जीवनात त्याने जाणवण्याजोगा फरक पडावा, असे संशोधकांना वाटले नाही.

असे निष्कर्ष उपचारकाला निराश करतील. संशोधकाला मात्र ते नवे प्रश्न देतात. कोणत्या रुग्णाला, कोणत्या अवस्थेत, किती दिवस गुण येतो? व्यायामाची जोड दिली तर काय होते? ज्या हातांवर आपला विश्वास आहे त्यांचीच परीक्षा घेण्याची आणि निकाल विरुद्ध गेला तरी तो जसाच्या तसा प्रबंधात लिहिण्याची तयारी ज्याच्यापाशी असेल, त्यानेच या वाटेला लागावे. कंबर धरून दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या रुग्णाला पदवीच्या अक्षरांशी कर्तव्य नसते. आपल्यावर होणारा उपचार कोणी तरी प्रामाणिकपणे पारखून घेतलेला असावा, एवढीच त्याची अपेक्षा असते.