डिस्कची जोडणी : आधी खात्री, मग नक्कल

सोलापूर जिल्ह्यातील अकराही तालुक्यांत ग्रामपंचायतींच्या व शाळांच्या दैनंदिन कामात संगणकाला महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. नमुना ८ ची कर आकारणी नोंदवही असो की विद्यार्थ्यांच्या नोंदी असोत, हे दफ्तर नष्ट झाल्यास त्याची झळ थेट नागरिकांना पोहोचते. यासाठी त्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवण्यात येते. परंतु ती नक्कल खरोखर दुसऱ्या डिस्कवर पडली काय, याची खात्री करून घेणे तितकेच अगत्याचे आहे.

सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय संगणक प्रणाली २००७ साली उपलब्ध झाली. ती लिनक्सवर आधारलेली असून, लिनक्सची घडण १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सच्या धर्तीची आहे. अशा प्रणालीत डिस्कच्या प्रत्येक विभागाला स्वतंत्र अक्षर नसते. सर्व फाइलींचा एकच वृक्ष असतो व प्रत्येक विभाग त्यातील एखाद्या फोल्डरशी जोडला जातो. या जोडणीस ‘माउंट’ करणे असे म्हणतात.

आपल्याकडील जुन्या माळवदी घरांत भिंतीत कोनाडे असतात. जोडणीचा फोल्डर हा असा कोनाडा व बाहेरची डिस्क ही त्यात ठेवावयाची पेटी होय. पेटी ठेवलेली नसली तरी कोनाडा असतोच, आणि त्यात ठेवलेले कागद त्याच भिंतीत राहतात. भिंत कोसळली की मूळ कागद व नक्कल दोन्ही जातात. संगणकही अशा वेळी सूचना देईलच असे नाही. नक्कल निमूटपणे मूळ डिस्कवरच उतरते.

ही चूक टाळण्यासाठी तीन सोप्या आज्ञा आहेत. त्या लहान इंग्रजी अक्षरांत द्यावयाच्या असतात. ‘एल-एस-बी-एल-के’ ही आज्ञा सर्व डिस्का, त्यांचे विभाग व प्रत्येकाची जोडणीची जागा दाखविते. जागेचा रकाना रिकामा असल्यास तो विभाग जोडलेला नाही असे समजावे. ‘फाइंड’ या शब्दास ‘एम-एन-टी’ ही अक्षरे जोडून व पुढे फोल्डरचा मार्ग देऊन त्या फोल्डरची जोडणी पाहता येते. उत्तर न आल्यास कोनाडा रिकामा आहे. याच उत्तरात ‘आर-ओ’ ही अक्षरे असल्यास विभाग केवळ वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. ‘आर-डब्ल्यू’ असल्यास लिहिता येते. ‘डी-एफ’ ही आज्ञा फोल्डरच्या मार्गासह दिल्यास तो कोणत्या विभागावर आहे व तेथे किती जागा शिल्लक आहे हे कळते.

नक्कल पूर्ण झाल्यावर डिस्क एकदम ओढून काढू नये. लिहावयाचा काही मजकूर तोवर संगणकाच्या स्मृतीतच असू शकतो. प्रथम जोडणी सोडवावी व नंतरच डिस्क काढावी.

या तपासणीस एक-दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. नक्कल घेतल्याच्या तारखेबरोबर जोडणी तपासल्याची नोंदही वहीत करण्याचा प्रघात प्रत्येक कार्यालयाने पाडल्यास गावाचे दफ्तर निश्चितच अधिक सुरक्षित राहील.