ग्रंथशाळेपासून यंत्रशाळेपर्यंत

सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्स्वा बर्निए नावाचा एक फ्रेंच वैद्य हिंदुस्थानात प्रवास करीत होता. काशीस तेथील पंडितांच्या अग्रणीशी त्याची भेट झाली आणि संस्कृत ग्रंथांनी भरलेले एक विस्तीर्ण दालन त्याच्या दृष्टीस पडले, असे त्याने आपल्या प्रवासवृत्तांतात नमूद करून ठेवले आहे. हा अग्रणी म्हणजे कवींद्राचार्य सरस्वतीच असावेत, असे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी साधार प्रतिपादिले. कवींद्राचार्य मूळचे गोदातीरचे. संन्यास घेऊन ते काशीस स्थायिक झाले आणि काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर त्यांनी शाहजहान बादशहाकडून माफ करवून घेतला. त्यांच्या संग्रहातील पोथ्यांची एक यादी पुढे उपलब्ध झाली व १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ती छापली गेली. तीत दोन हजारांहून अधिक नोंदी आहेत.

यादी हाती आहे. पोथ्या मात्र देशभर पांगल्या. त्यांचे नाव लिहिलेली हस्तलिखिते निरनिराळ्या ठिकाणच्या संग्रहांतून आज आढळतात आणि एखाद्या अभ्यासकाला त्यांची संगती लावावयाची झाल्यास गावोगाव हिंडावे लागते. असा बहुमोल संग्रह टिकला नाही, याचे मुख्य कारण असे की तो एका व्यक्तीच्या विद्याव्यासंगावर आणि प्रतिष्ठेवर उभा होता. ती व्यक्ती गेल्यावर त्याची निगा राखणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम उरले नाही.

विद्येची साधने एकाच्या मालकीची न राहता अनेकांच्या उपयोगी कशी पडावीत, हा प्रश्न त्यामुळे काशीस नवा नाही. त्याला तेथे आधुनिक काळात जे उत्तर शोधले गेले, ते काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात पाहावयास मिळते. आणि त्या उत्तराच्या पायाशी दोन मराठी नावे आहेत.

विश्वविद्यालयाची कोनशिला ४ फेब्रुवारी १९१६ रोजी बसली. गंगेच्या काठी, लंका नावाच्या वस्तीपलीकडे, काशीनरेशांनी दिलेल्या सुमारे १,३०० एकर भूमीवर पंडित मदनमोहन मालवीय यांनी अर्धचंद्राकार रस्त्यांची एक नगरीच वसविली. परंतु ग्रंथालयाचा जन्म त्या नगरीत झाला नाही. १९१७ साली ते शहरातील कमच्छा भागात, सेंट्रल हिंदू कॉलेजच्या एका दालनात सुरू झाले. त्याचे बीज म्हणजे प्राध्यापक पी. के. तेलंग यांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला ग्रंथसंग्रह. ते वडील म्हणजे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग: मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि मॅक्स म्युलरच्या ग्रंथमालेसाठी भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारे प्राच्यविद्यापंडित. वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, १८९३ साली ते निवर्तले. त्यांच्या कपाटांतील ग्रंथ वारसांत वाटले गेले असते, तर त्यांचीही गत कवींद्राचार्यांच्या पोथ्यांसारखीच झाली असती. या बालग्रंथालयाची जोपासना आरंभीच्या काळात इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी केली. १९२१ साली ते नव्या आवारातील कला महाविद्यालयाच्या मध्यवर्ती दालनात आले.

दुसरे नाव सयाजीराव गायकवाडांचे. १९३१ सालच्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले मालवीयजी परतले, ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवूनच. तसे ग्रंथालय काशीस व्हावे, ही त्यांची आकांक्षा बडोद्याच्या महाराजांच्या देणगीने फळास आली. महाराजांना ग्रंथालयाचे महत्त्व पटवून देण्याची गरज नव्हती. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले होते. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरविण्याची योजनाही तेथे चालू होती. काशीची वास्तू १९४१ साली पुरी झाली. ती पाहण्यास महाराज हयात नव्हते. १९३९ सालीच त्यांचे देहावसान झाले होते. आज हे ग्रंथालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते आणि विश्वविद्यालयाच्या एकंदर ग्रंथालय-व्यवस्थेतील ग्रंथसंख्या दहा लाखांच्या पुढे गेली आहे.

देणगी आणि वास्तू एवढ्यावर मात्र ग्रंथालय चालत नाही. १९४५ साली, सर्वपल्ली राधाकृष्णन कुलगुरू असताना, शियाळी रामामृत रंगनाथन ग्रंथपाल म्हणून काशीस आले. मद्रास विद्यापीठातील दीर्घ सेवेनंतर ते निवृत्त झाले होते. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम व द्विबिंदू वर्गीकरण यांमुळे त्यांची कीर्ती दूरवर पसरली होती. आल्यावर त्यांनी जे काम अंगावर घेतले, ते मोठ्या पदावरील माणसे सहसा हाताखालच्या कारकुनावर सोपवितात. सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी स्वतः बसून केले. वरवर पाहता हे काम रुक्ष वाटेल. परंतु जागा चुकलेला किंवा क्रमांक न पडलेला ग्रंथ फडताळात असून नसल्यासारखाच असतो. तो विकत घेण्यास लागलेला पैसा, तो ठेवण्यास बांधलेली भिंत, हे सारे त्या एका क्रमांकावाचून वाया जाते. सामायिक साधन आणि नुसता साठा यांतील अंतर या क्रमांकाएवढेच असते, हे रंगनाथनांनी ओळखले होते. १९४७ साली ते दिल्लीस गेले.

या सोयीचे मोल काय होते, हे त्याच आवारातील एका घटनेवरून ध्यानी येईल. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजमध्ये रँग्लर होऊन १९३२ साली मालवीयजींच्या निमंत्रणावरून काशीस गणिताचे प्राध्यापक झाले. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतावर काम करणाऱ्यास दुर्बीण लागत नाही की भट्टी लागत नाही. परंतु जगात इतरत्र काय लिहिले जात आहे हे सांगणारी नियतकालिके लागतात आणि बोलावयास जाणता सोबती लागतो. १९४२ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचे एक तरुण गुजराती गणितज्ञ नारळीकरांबरोबर काम करावयाचे म्हणून साठविलेल्या पैशांवर काशीस येऊन राहिले. ते ना विद्यापीठाचे नोकर होते, ना शिष्यवृत्तीधारक. बाहेरून आलेल्या या अभ्यासकाला दार उघडे मिळाले. प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षण क्षेत्राचे त्यांनी जे गणिती उत्तर शोधले व १९४३ साली प्रसिद्ध केले, ते आज जगभर त्यांच्या नावाने ओळखले जाते.

गणिताचे काम कागदावर भागले. रसायन, भौतिकी, जीवशास्त्र आणि वैद्यक यांचे तसे भागत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शास्त्रांची प्रगती अशा यंत्रांवर अवलंबून राहू लागली की त्यांतील एकेकाची किंमत काही कोटी रुपये असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचेच उदाहरण घ्यावे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. तिच्याहून फार लहान वस्तू साध्या सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसत नाही. प्रकाशाऐवजी वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत वापरल्यास तरंगलांबी हजारो पटींनी कमी होते आणि अणूंच्या ओळी दिसू लागतात. मात्र त्यासाठी झोताच्या मार्गात निर्वात पोकळी राखावी लागते, यंत्राच्या पायाला रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा हादरा लागू नये अशी तजवीज करावी लागते आणि वनस्पतीच्या पानाचा किंवा रुग्णाच्या ऊतीचा तुकडा केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा पातळ कापावा लागतो. हा काप घेणाऱ्याचा हात तयार होण्यास वर्षे जातात. त्याचे नाव प्रबंधाच्या ऋणनिर्देशात कधी येते, पुष्कळदा येत नाही.

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या यंत्राची तऱ्हा आणखी निराळी. त्यातील चुंबकाची वेटोळी अतिसंवाहक राहावीत म्हणून ती द्रवरूप हेलियममध्ये, शून्याखाली २६९ अंश सेल्सिअसवर बुडवून ठेवावी लागतात; बाहेरच्या कोशात शून्याखाली १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन असतो. यंत्रावर काम चालो वा न चालो, दोन्ही द्रव सतत उडून जात असतात आणि ठरलेल्या मुदतीत ते भरावेच लागतात. हेलियम भारतात बहुतांशी परदेशातून येतो. भरणी चुकली आणि पातळी उतरली, तर वेटोळ्यांची अतिसंवाहकता नष्ट होते, साठलेली ऊर्जा उष्णतेत बदलते आणि उरलेला हेलियम काही मिनिटांत वाफ होऊन जातो. अशा यंत्राला उन्हाळ्याची सुटी नसते, दिवाळीची नसते. यंत्राची किंमत अंदाजपत्रकात एकदाच येते. हेलियमचा, विजेचा, देखभालीच्या कराराचा आणि जाणत्या तंत्रज्ञाच्या वेतनाचा खर्च दरवर्षी येतो. यंत्र मंजूर होते आणि तंत्रज्ञाचे पद मंजूर होत नाही, ही आपल्याकडील विद्यापीठांची जुनी दुखणी आहे.

अशी यंत्रे प्रत्येक विभागाने आपापल्या कुलुपात ठेवावीत हे परवडणारे नाही. एका विभागाचे यंत्र आठवड्यातून दोन दिवस चालावयाचे आणि शेजारच्या इमारतीतील विद्यार्थ्याने आपला नमुना दुसऱ्या शहरी पाठवावयाचा, असे प्रकार त्यातून घडतात. म्हणून केंद्रीय उपकरणशाळेची कल्पना पुढे आली. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९७०च्या दशकात अशी प्रादेशिक केंद्रे उभारण्यास प्रारंभ केला. मुंबईत पवईच्या आयआयटीमधील केंद्र १९७६चे. महाराष्ट्रातील जिल्ह्याजिल्ह्यांच्या महाविद्यालयांतील संशोधकांचे नमुने लहान कुप्यांतून, वर चिठ्ठ्या डकवून, पवईस जाऊ लागले.

काशीस आज ही सोय दोन अंगांनी उभी आहे. विश्वविद्यालयाच्या अभियांत्रिकी शाखेला २०१२ साली आयआयटीचा दर्जा मिळाला, तेव्हापासून एकाच आवारात दोन स्वतंत्र संस्था नांदत आहेत आणि दोघींनी आपापल्या मध्यवर्ती उपकरणशाळा चालविल्या आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘साथी’ या योजनेत पहिल्या तीन केंद्रांत खरगपूर व दिल्ली येथील आयआयटींच्या जोडीला हिंदू विश्वविद्यालयाची निवड झाली. २०२० साली ती जाहीर झाली. यजमान संस्थेइतकाच बाहेरच्या महाविद्यालयांना, नवोदित उद्योगांना आणि कारखान्यांना यंत्रांचा लाभ व्हावा, ते व्यावसायिक शिस्तीने चालावे, हा या योजनेचा उद्देश. कोठे कोणते यंत्र आहे हे देशातील कोणालाही कळावे म्हणून ‘आय-स्टेम’ नावाची संगणकीय नोंदवही जानेवारी २०२० मध्ये खुली झाली, आणि सरकारी पैशाने घेतलेली महागडी यंत्रे इतरांना वापरू द्यावीत, असे धोरण २०२२ साली आखले गेले. रंगनाथनांनी ग्रंथांवर घातलेल्या क्रमांकांचे जे काम, तेच या नोंदवहीचे.

व्यवहार साधारणपणे असा चालतो. संशोधक अर्ज भरतो, नमुन्यात काय आहे, तो विषारी वा स्फोटक तर नाही ना, हे लिहून देतो. विद्यार्थ्याला दर कमी, उद्योगाला अधिक. पाळी लागते, तंत्रज्ञ नमुना चढवितो, आलेख हाती येतो. येथेच खरी अडचण पुढे येते. गाझीपूर किंवा मिर्झापूरच्या एखाद्या लहान महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आलेख मिळाला तरी त्याचा अर्थ लावून देणारे कोणी त्याच्यापाशी असेलच असे नाही. नमुना कसा शुद्ध करावा, किती द्यावा, आलेखातील कोणते शिखर खरे आणि कोणते द्रावकाचे, हे सांगणारा माणूस केंद्रात बसलेला असेल, तर त्याचे वर्ष वाचते. नसेल तर दराची सवलत फारशी कामी येत नाही. जुन्या ग्रंथालयातील चांगला ग्रंथपाल वाचकाला पुस्तक तर देतच असे, पण त्याने मागितलेले नसताना दुसरेही एक पुढे सरकवीत असे. उपकरणशाळेत त्या तोडीची माणसे नेमण्याकडे योजनांचे लक्ष अजून पुरते वळलेले दिसत नाही.

सामायिक साधनाची ही कल्पना काशीच्या आवारात वाढलेल्या एका मराठी मुलाने पुढे वेगळ्या रीतीने प्रत्यक्षात आणली. विष्णुपंत नारळीकरांचे चिरंजीव जयंत यांचे बालपण आणि पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदू विश्वविद्यालयात झाले. १९५७ साली तेथून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले, नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ साली पुण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापिलेल्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राचे, म्हणजे ‘आयुका’चे, संस्थापक-संचालक झाले. २०२५ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. आयुकाची घडणच अशी की देशातील कोणत्याही विद्यापीठाच्या अध्यापकाला तिचे सहयोगी होता यावे, ठराविक काळ येऊन राहता यावे, ग्रंथालय व संगणक वापरता यावेत आणि मग आपल्या विद्यार्थ्यांकडे परत जाता यावे. वैद्यांना १९४२ साली जे पदरमोड करून मिळवावे लागले, ते येथे व्यवस्थेचा भाग झाले.

पुण्याच्या उत्तरेस, गिरवली येथील डोंगरावर आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. तिच्यावरील वेळ अर्ज करून मिळवावयाचा असतो. कोणता तारा पाहावयाचा, का पाहावयाचा, किती रात्री लागतील, हे लिहून द्यावे लागते. समिती अर्ज तपासते आणि रात्री वाटून देते. पावसाळ्याचे महिने वगळले की वाटावयास उरणाऱ्या रात्री मोजक्याच. काशीच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या अध्यापकाला त्यांतील दोन मिळाल्या आणि त्या दोन्ही रात्री आकाश ढगाळ निघाले, तर तिसरी रात्र दुसऱ्याची असते. त्याने पुढच्या सत्रासाठी पुन्हा अर्ज करावयाचा.