शिल्लक घरं, विक्रीचा वेग आणि आपल्या भागाचा बाजार

बिल्डरच्या साइट ऑफिसात गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘सर, आता शेवटचे चारच फ्लॅट उरलेत.’ ते खरं आहे की नाही, हे बऱ्याच अंशी घरबसल्या तपासता येतं. त्यासाठी भाव विचारत फिरण्याची गरज नाही. दोनच आकडे लागतात. विक्रीला असलेली घरं किती शिल्लक आहेत आणि महिन्याला किती विकली जातात.

भावावरून अंदाज का येत नाही?

कारण आपल्याकडे भाव सगळ्यात शेवटी हलतो. मागणी थंडावली तरी बिल्डर दर उघडपणे उतरवत नाही. उतरवला तर आधी बुकिंग केलेले लोक जाब विचारायला दारात येतात आणि कर्ज देणारी बँकही उरलेल्या घरांचं मोल नव्याने करते. मग सवलत आडमार्गाने येते : मुद्रांक शुल्क आम्ही भरू, पार्किंग धरून घ्या, वरच्या मजल्याचा जादा दर (फ्लोअर राइज) माफ, मॉड्युलर किचन मोफत. दरपत्रक मात्र जिथल्या तिथे.

साधा भागाकार

शिल्लक घरांना महिन्याच्या सरासरी विक्रीने भागायचं. एका उपनगरात 1,200 घरं पडून आहेत आणि महिन्याला 50 विकली जातात असं धरू. म्हणजे एकही नवं घर बाजारात आलं नाही तर साठा संपायला 24 महिने लागतील. हा आकडा चढता असेल तर गिऱ्हाइकाचं पारडं जड, उतरता असेल तर बिल्डरचं.

पण इथेच थांबलं तर फसायला होतं. याच 1,200 घरांची फोड करून पाहू. वन बीएचके 200 शिल्लक, महिन्याला 25 विक्री : 8 महिने. टू बीएचके 500 शिल्लक, 20 विक्री : 25 महिने. थ्री बीएचके 500 शिल्लक, विक्री फक्त 5 : तब्बल 100 महिने. (आकडे मानलेले आहेत, पण असं चित्र दुर्मीळ नाही.) म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच महिन्यात, वन बीएचके घेणाऱ्याला घासाघीस करायला जागा नाही आणि थ्री बीएचकेवाल्याने जोर लावला तर बरंच पदरात पडू शकतं. ‘पुण्याचा बाजार तेजीत’ या मथळ्याचा दोघांनाही उपयोग शून्य. हिशेब आपल्या भागाचा, आपल्या आकाराच्या आणि आपल्या बजेटमधल्या घरांचाच करावा. वाकड, ताथवडे, पुनावळे हा सलग पट्टा एकत्र धरायला हरकत नाही, कारण घर शोधणारा माणूस तिन्हीकडे फिरतो. त्यात कोथरूड मिसळलं की आकडा बिघडला.

शिल्लक कुठे पाहायची?

महाराष्ट्रात हे सोपं झालं ते 1 मे 2017 पासून, महारेरा, म्हणजे राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, सुरू झाल्यावर. भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि घरं आठपेक्षा जास्त असतील, तर नोंदणी केल्याशिवाय विक्री करता येत नाही. एकूण घरं किती, बुक किती, ही माहिती महारेराच्या संकेतस्थळावर दर तीन महिन्यांनी अद्ययावत करणं बंधनकारक आहे. ती न भरणाऱ्या शेकडो प्रकल्पांची नोंदणी महारेराने 2023 मध्ये स्थगितही केली. तेव्हा आकडा वाचण्याआधी तो कोणत्या तारखेचा आहे ते बघा.

दोन ठिकाणी जपून. पुनर्विकासात जुन्या सभासदांना मिळणारी घरं विक्रीची नसतात. ती शिल्लक धरू नयेत. दुसरं, मोठ्या टाउनशिपची नोंदणी टप्प्याटप्प्याने होते. आज दोन टॉवर जवळपास संपलेले दिसतात, पण त्याच जागेवर आणखी सहा टॉवर यायचे असतात आणि ते या यादीत नसतात. ‘शेवटचे चार’ बहुतेकदा असे असतात : चालू टप्प्यातले चार. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. तिच्या कागदपत्रांत संपूर्ण प्रकल्पातल्या घरांची संख्या सापडते आणि पुढची पाच वर्षं शेजारी काय उभं राहणार आहे ते कळतं.

वेग मोजताना

एका महिन्याची विक्री घेऊ नये. पितृपक्षात बुकिंग मंदावतं, दसरा-दिवाळी आणि गुढीपाडव्याला उसळतं. किमान वर्षाची सरासरी हवी.

सरकारी धोरणाने येणारी उसळी त्याहून फसवी. राज्याने 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 या काळात मुद्रांक शुल्क तीन टक्के-बिंदूंनी कमी केलं. मुंबईत ते पाचाचं दोनवर आलं. मुंबईत ऑगस्टमध्ये 2,600 च्या आसपास असलेली दस्तनोंदणी डिसेंबरमध्ये 19,000 च्या वर गेली. ती काही एका महिन्याची मागणी नव्हती. टाळेबंदीत अडकलेले आणि पुढच्या वर्षी घेणारे, सगळे 31 डिसेंबरच्या आत घुसले होते. त्यातच सही झालेला दस्त नोंदवायला कायद्याने चार महिने मिळतात, म्हणून डिसेंबरचे काही व्यवहार पुढच्या महिन्यांच्या खात्यात पडले. शिवाय नोंदणीच्या आकड्यांत नवी-जुनी घरं एकत्र असतात, दुकानंही असतात. नोंदणीचा आकडा विक्रीचा आकडा समजून छापणारे पुष्कळ आहेत; तो ढोबळ इशारा आहे, एवढंच.

अमेरिकेतले सहा महिने

सहा महिन्यांचा साठा म्हणजे समतोल बाजार, त्याहून कमी तर विकणाऱ्याचा, जास्त तर घेणाऱ्याचा, असा ठोकताळा समाजमाध्यमांवर फिरत असतो. तो अमेरिकेतला आहे आणि तिथे मुख्यतः राहतं घर विकायला काढलेलं असतं. आपल्याकडच्या साठ्यात निम्मी घरं अजून जमिनीच्या पोटात असू शकतात. चार वर्षांत पूर्ण होणाऱ्या प्रकल्पाकडे दोन वर्षांचा साठा असणं यात आजार काहीच नाही. म्हणून परका उंबरठा लावण्यापेक्षा त्याच भागाचा मागच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवावा.

पडून राहिलेली तयार घरं

सगळ्या शिल्लक घरांमध्ये माझं लक्ष सर्वांत आधी जातं ते भोगवटा प्रमाणपत्र मिळूनही न विकलेल्या घरांकडे. बांधकाम चालू असताना बिल्डर थांबू शकतो. इमारत पूर्ण झाल्यावर प्रत्येक महिना त्याच्या अंगावर येतो : कर्जाचं व्याज, रिकाम्या घरांची देखभाल, आणि पूर्णत्वाचं प्रमाणपत्र मिळालेल्या आर्थिक वर्षानंतर दोन वर्षं उलटली की त्या घरांच्या काल्पनिक भाड्यावर प्राप्तिकर. गिऱ्हाइकाला मात्र अशा घरावर जीएसटी पडत नाही. भागातला एकूण साठा 30 महिन्यांचा, पण तयार घरं मोजकीच, तर बिल्डरला घाई नसते. साठा 15 महिन्यांचा आणि त्यात निम्मी घरं तयार, तर मोकळेपणाने कमी किंमत सांगून बघावी.

जुन्या घरांचं काय?

पुनर्विक्रीच्या घरांची एकत्रित नोंद आपल्याकडे कुठेच नाही. पोर्टलवर तोच फ्लॅट पाच एजंटांनी पाच भावांनी टाकलेला असतो, त्यामुळे जाहिराती मोजून साठा काढणं व्यर्थ. त्याऐवजी एकाच सोसायटीपुरतं बघावं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे बोलीतला ‘इंडेक्स टू’, शोधता येतो. वर्षभरात त्या इमारतीतले किती फ्लॅट कितीला गेले ते त्यात दिसतं. सध्या किती विक्रीला आहेत, हे सोसायटीच्या मॅनेजरला किंवा वॉचमनला विचारावं. 120 फ्लॅटच्या सोसायटीत वर्षात सहा गेले आणि आज नऊ विक्रीला असतील, तर दीड वर्षाचा साठा झाला. मालकाने सांगितलेली किंमत इंडेक्स टूमधल्या शेवटच्या व्यवहाराशेजारी ठेवायची आणि बोलणी तिथून सुरू करायची.